बिनसाखरेचा चहा आणि अनुपस्थित बावखल

१८ फेब्रुवारी, राखेचा बुधवार

सकाळच्या मिस्साहून कपाळावर राख घेऊन आलो. माती आहेस, मातीत मिळशील, हे फादर दरवर्षी सांगतात. यंदा मात्र ते थेट माझ्याशी बोलतायत असं वाटलं. कारण कालच भाविकाची मेल आली. मुंबईच्या एका गॅलरीचं प्रदर्शन तीच मांडते. विषय : आपली जमीन, आपलं पाणी. कलाकाराने आपल्याच गावात, आपल्याच जागेवर काहीतरी उभं करायचं. एप्रिलच्या शेवटी ती स्वतः येऊन बघणार आणि निवडणार. मेल बऱ्याच जणांना गेलीय, पण वर ‘प्रिय फ्रेडरिक’ असं वेगळं लिहिलंय.

उपासकाळाचे संकल्प : साखर पूर्ण बंद. डॉक्टर म्हणतात म्हणून नाही, कलाकाराची जीभ स्वच्छ असावी म्हणून. रोज पहाटे उठून स्केचिंग. मार्कबद्दल वाईट बोलायचं नाही. रोजनिशी रोज लिहायची.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

काल लिहायचं राहिलं. पहाटे उठलो होतो, पण उजेड नव्हता.

बिनसाखरेचा चहा प्यायलो. अर्धा. उरलेल्या अर्ध्यात मर्सीने साखर टाकली. मी सांगितलं म्हणून टाकली, हे खरं, पण बायकोने अशा वेळी नवऱ्याचं ऐकायचं नसतं. शाळेत पोरांना शिस्त लावते आणि घरी हे.

१ मार्च, रविवार

कन्सेप्ट नोट लिहायला घेतली. पहिला परिच्छेद झाला :

‘वसईच्या वाड्यांमागे बावखलं असायची. पावसाचं पाणी साठवणारी छोटी तळी. बावखलावर विहिरी जगायच्या आणि विहिरींवर बागा. आज बहुतेक बावखलं बुजवून त्यावर बिल्डिंगी उभ्या आहेत. कलाकार फ्रेडरिक यांच्या घरामागे मात्र अजून एक शिल्लक आहे.’

स्वतःबद्दल ‘यांच्या’ लिहिताना बरं वाटलं. अठ्ठावीस वर्षं कंपनीत बिस्किटांच्या पुड्यांवर गव्हाची कणसं काढली, त्याला कला म्हणणारा एक माणूस भेटला नाही. व्हीआरएस घेतल्यापासून मी कंटेम्पररी आहे.

बावखल माझं आणि सेलिनबायचं, दोघांचं. सेलिनबाय माझी मोठी बहीण. नवरा गेल्यावर इथेच शेजारी घर बांधून राहिली. मोगऱ्याची बाग करते. बावखलाच्या काठावर आमची विहीर आहे, दोन्ही घरांचं पाणी तिचंच. सेलिनबायच्या टिफनीचं लग्न १० मेला आहे. आमच्या घरची रीत अशी, की लग्नाच्या आदल्या संध्याकाळी बायका बँड लावून याच विहिरीवर येतात. नवरीच्या आंघोळीचं पाणी मामाने काढायचं, पहिला घोट आपण प्यायचा आणि मोठ्याने म्हणायचं, ‘गोड आहे!’ मग बायकांनी गाणं उचलायचं. आमच्या मामाचा आवाज पार चर्चपर्यंत गेला होता म्हणतात. मी आतापासून बाथरूममध्ये प्रॅक्टिस सुरू केलीय. तिथे आवाज चांगला घुमतो.

मार्क भेटला. त्यालाही मेल आलीय! मार्क वसईची वॉटरकलरं काढतो आणि त्यांची कॅलेंडरं छापून नाताळात आळीभर वाटतो. किल्ला, होड्या, केळी, बावखल. वाईट बोलायचं नाही असं ठरलंय, म्हणून एवढंच लिहितो की तो कॅलेंडरवाला आहे.

१४ मार्च, शनिवार

बांबूचा तराफा करून त्यावर थर्माकोलची मोठी अक्षरं लावली : पाणी म्हणजे स्मृती. बावखलात सोडला. काठावर आळीतले लोक जमले होते.

‘स्मृती’ आधी बुडाली. मग ‘म्हणजे’. ‘पाणी’ बराच वेळ तरंगत होतं, नंतर सेलिनबायच्या बदकांनी त्याचा ताबा घेतला. रस्त्यापलीकडच्या द्वारकाबाई म्हणाल्या, गणपती एवढ्या लवकर कसे आले यंदा? त्यांच्याकडचे गणपती आमच्याच बावखलात विसर्जन होतात, म्हणून त्यांना सगळं तसंच दिसतं.

२२ मार्च, रविवार

साक्षात्कार! भर मिस्सात झाला. पाणी हीच अडचण आहे. बावखल भरलेलं असेल तर ते बघून कुणाला काय वाटणार? मार्कचं कॅलेंडर वाटेल. बावखलं नाहीशी होतायत हे दाखवायचं तर बावखल नाहीसं झालेलं दिसलं पाहिजे. पाणी पूर्ण उपसायचं. कोरड्या तळावर मातीचे उपडे माठ मांडायचे. बघणाऱ्याला एकदम घशाला कोरड पडली पाहिजे.

नाव : ‘अनुपस्थित बावखल’. दोनदा मोठ्याने म्हणून पाहिलं. मर्सीने विचारलं, कोण अनुपस्थित? तिला वाटलं शाळेचं काहीतरी.

२९ मार्च, झावळ्यांचा रविवार

सेलिनबायला कल्पना सांगितली. अजिबात समजून घेतली नाही. म्हणाली, खाली समुद्र आहे फ्रेडी. वर गोडं पाणी त्याच्या छातीवर बसलंय म्हणून तो गप आहे. ते उठवलंस तर तो वर येईल. पप्पांनी वैशाखातसुद्धा कधी तळ लागू दिला नव्हता.

वाक्य उत्तम. कॅटलॉगसाठी उतरवून घेतलं. तिला तसं सांगितलं तर आणखीच चिडली आणि आमच्या बोलीत जे म्हणाली ते कॅटलॉगमध्ये घालता येणार नाही. सेलिनबाय दहावी झाली तेव्हा शाळेत पहिली आली होती, त्याचा ताठा अजून आहे. पण कलेचं वेगळं असतं.

समुद्र चांगला दूर आहे. आमच्या गच्चीवरून दिसतसुद्धा नाही.

७ एप्रिल, मंगळवार

पास्काचा सण झाला. उपासकाळ संपला, त्यामुळे साखरेचा संकल्प आता तांत्रिकदृष्ट्या पूर्ण झालेला आहे.

सेलिनबाय आणि टिफनी लग्नाच्या खरेदीला गेल्या, दोन दिवस दादरला नणंदेकडे राहणार. योगायोग असा, की गोखिवऱ्याच्या हरेशचा मोठा डिझेल पंप नेमका आजच मोकळा होता. मी त्याला दोन आठवड्यांपूर्वीच सांगून ठेवलं होतं, तरीही योगायोगच.

संध्याकाळी पंप सुरू झाला. आवाज एवढा, की मर्सीचं बोलणं ऐकू आलं नाही. पाणी गटारातून रस्त्यावर, रस्त्यावरून कुठे गेलं कोण जाणे. बघताना अंगावर काटा आला. ही प्रोसेस!

९ एप्रिल, गुरुवार

तळ लागला. काळा चिखल, मध्ये तडफडणारे मासे. आळीतले लोक बादल्या घेऊन उतरले. याला लोकसहभाग म्हणतात. बगळेही आले.

संध्याकाळी सेलिनबाय परतली. पिशव्या हातातच होत्या. ओरडेल म्हणून मी उत्तरं तयार ठेवली होती. ती ओरडली नाही. काठावर बसली आणि पदर तोंडाला लावून बघत राहिली. टिफनीने मला विचारलं, मामा, तू आईला का नाही विचारलंस? मी म्हटलं, विचारलं होतं, ती नाही म्हणाली होती. हे उत्तर मला बोलताना बरोबर वाटलं होतं.

१५ एप्रिल, बुधवार

तळ रोज थोडाथोडा पाझरतो, म्हणून हरेशला पंप इथेच ठेवायला सांगितलाय. रोज सकाळी उपसतो. शिवाय मधोमध चांगला खोल खड्डा खणून घेतला, ‘अनुपस्थिती’ नीट दिसायला. माठ चांदीपच्या कुंभाराकडून टेम्पोने आणले. उपडे मांडले. द्वारकाबाई येऊन बघून गेल्या. म्हणाल्या, उपडी मडकी कशाला मांडतोस रे, घरात लग्न आहे. त्यांना प्रतीक समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि जाताना विचारलं, तुमच्या विहिरीला पाणी आहे ना?

आहे. थोडं खाली गेलंय, पण आहे.

१९ एप्रिल, रविवार

पंप बंद केला तर तळातून आपोआप पाणी वर आलं! रात्रीत गुडघाभर. माठ अर्धे पाण्यात. मी धावत जाऊन सेलिनबायला बोलावलं. बघ, उगाच घाबरत होतीस, आलं की नाही परत? तिने वाकून बोट बुडवलं, जिभेला लावलं आणि घरात गेली. गहिवरली असावी.

सकाळच्या चहाला काहीतरी वेगळीच चव होती. मर्सी रागावली की तोंडाने बोलत नाही, स्वयंपाकातून बोलते. मी साखरेची बरणी ओढली. दोन चमचे साखर घालून प्यायलो.

२३ एप्रिल, गुरुवार

चहा अजून तसाच. आज तीन चमचे. मर्सीला शेवटी विचारलंच, की एवढा राग कशाचा. ती म्हणाली, राग माझा नाही, पाणी खारं झालंय. विहिरीचं. सगळ्या आळीला कळलंय, तुला सोडून. मी म्हटलं, उन्हाळ्यात पाण्यात मिनरल वाढतात. ती शाळेत भूगोल शिकवते, तरी माझ्याकडे तशी का बघत होती कळलं नाही.

कलेच्या बाजूने मात्र मोठी गोष्ट घडली. पाणी पुन्हा उपसून घेतलंय, आणि चिखल सुकतोय तिथे पांढरी रेघ उमटलीय. बावखलाच्या कडेने सगळीकडे. मी ठरवलेलं नव्हतं, पण ठरवलं असतं तर असंच ठरवलं असतं. कन्सेप्ट नोटमध्ये भर घातली : ‘द व्हाइट लाइन’.

सेलिनबायच्या मोगऱ्याची पानं कडेने करपलीत. ऊन कडक आहे यंदा. रंग सुंदर आलाय, बर्न्ट सिएना. तिला सांगणार होतो, मग नाही सांगितलं.

२६ एप्रिल, रविवार

भाविका आली! सकाळपासून तीन शर्ट बदलले.

पांढरी रेघ बघून ती गुडघ्यावर बसली आणि फोटोमागून फोटो. म्हणाली, फार स्ट्राँग आहे, पोटात तुटतं. मी मान लववली. मग तिने विचारलं, हे पाणी कधी गेलं? कुठल्या बिल्डरने केलं? मी म्हटलं, बिल्डर कुठला, मी केलं. पंप लावून. तिला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. पुन्हा हिंदीत विचारलं. मी पुन्हा सांगितलं, जरा अभिमानानेच. म्हणाली, पण ते जिवंत होतं ना? मी म्हटलं, म्हणून तर परिणाम झाला.

तिने कॅमेरा बंद केला.

मग सेलिनबायच्या स्वयंपाकघरात जाऊन बसली, चांगला तासभर. मला आत बोलावलं नाही. खिडकीतून दिसलं, की सेलिनबायने दिलेल्या पाण्याचा एक घोट घेऊन तिने पेला खाली ठेवला. मुंबईच्या लोकांना बाटलीची सवय. जाताना भिंतीवरच्या मार्कच्या कॅलेंडरचा फोटो काढून घेतला. एप्रिल महिन्याचं पान, आमचं बावखल, काठोकाठ भरलेलं, कडेला बदकं.

एकंदरीत भेट उत्तम झाली.

३० एप्रिल, गुरुवार

मेल आली. माझं काम घेता येणार नाही. ‘ज्या पाण्याबद्दल बोलायचं तेच पाणी घालवून केलेलं काम दाखवणं आम्हाला योग्य वाटत नाही.’ खाली मार्कचा नंबर मागितलाय. त्याचं बावखलाचं चित्र हवंय त्यांना. कॅलेंडरवालं!

काळाच्या पुढे असलं की हे होतंच.

मार्कचा नंबर पाठवला नाही. मग संध्याकाळी पाठवला. तो दुपारीच तिच्याशी बोललेला होता.

२ मे, शनिवार

टँकर मागवला, गोड्या पाण्याचा. बावखलात सोडायला लावला. तो उगाच गेला असं वाटलं म्हणून दुसराही मागवला. मातीने पिऊन टाकला. वरती पुन्हा तेच पाणी आणि तीच पांढरी रेघ.

हे मी काळजीपोटी केलेलं नाही. कलाकृतीचा दुसरा टप्पा आहे. टँकरवाला म्हणाला, काका, असं होत नाही, आता दोन-चार पावसाळे जातील तेव्हा. त्याला विचारलं कोणी होतं?

तिसऱ्या टँकरचा भाव विचारून ठेवलाय. फक्त माहितीसाठी.

६ मे, बुधवार

सेलिनबाय मोगरा उपटतेय. टिफनी लहान असताना तिच्या बाबाने लावलेला मोगरा. लग्नात केसात घरचाच माळायचा असं टिफनीचं ठरलं होतं. एकूण एक झाड वाळलंय. मी मदतीला गेलो तर सेलिनबाय म्हणाली, राहू दे. रागाने नाही म्हणाली. परक्या माणसाला म्हणतात तसं म्हणाली. मला ते अजिबात आवडलं नाही.

वर हेही कळलं, की शनिवारचं आंघोळीचं पाणी द्वारकाबाईंच्या विहिरीवरून आणायचं ठरवलंय. त्यांची विहीर रस्त्यापलीकडे उंचावर, त्यांचं पाणी अजून चांगलं आहे म्हणे. मला न विचारता! मी सरळ जाऊन सांगितलं : आपल्या आत्याचं पाणी या विहिरीचं, सेलिनबाय तुझंही याच विहिरीचं. दुसरीकडे जाणार असाल तर मामाला बोलावू नका. पाण्याला काहीएक झालेलं नाही. तुमच्या सगळ्यांच्या मनात भरलंय ते.

सेलिनबाय काहीतरी बोलणार होती. टिफनीने तिचा हात धरला आणि म्हणाली, मामा म्हणतो तिथूनच आणू.

जिंकलो. मर्सी जेवायला बसली नाही.

९ मे, शनिवार. संध्याकाळ

नवीन झब्बा घातला. बँड वेळेवर आला. बायका लाल साड्यांत, टिफनी मध्ये. केसात बाजारातला मोगरा. सगळे विहिरीवर जमले. द्वारकाबाईही आल्या होत्या, एका बाजूला उभ्या होत्या. त्यांनी स्वतःच्या विहिरीची एक भरलेली कळशी आणली होती, पदराखाली धरून. लागलीच तर, म्हणून. मला दिसू नये असं त्यांना वाटत होतं, पण मला दिसली.

मी बादली सोडली. भरून वर काढली, कळशीत ओतली. बँड थांबला. ओंजळीत घेतलं, तोंडात घेतलं.

इतके महिने प्रॅक्टिस केलेले शब्द. दोनच. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. मी पाणी गिळलं आणि तोंड उघडलं. आवाज आला नाही. पुन्हा उघडलं. सेलिनबाय जमिनीकडे बघत होती. कोणीतरी खोकलं. मला वाटलं, आता कोणीतरी हसेल, हसू दे. पण कोणी हसलं नाही, ते जास्त वाईट होतं.

टिफनी पुढे आली. माझ्या ओंजळीतलं उरलेलं पाणी तिने स्वतःच्या ओंजळीत घेतलं आणि प्यायली. सगळं. चेहरा जरासुद्धा हलू दिला नाही. मग माझ्याकडे बघून मोठ्याने म्हणाली, गोड आहे.

बायकांनी गाणं उचललं. बँड सुरू झाला. सेलिनबाय गायली नाही.

त्याच पाण्याने तिला आंघोळ घातली. द्वारकाबाई आपली कळशी तशीच परत घेऊन गेल्या.

टिफनीला खोटं बोलता येत नाही, असं मी तिच्या लहानपणापासून सगळ्यांना कौतुकाने सांगत आलोय.

१० मे, रविवार. सकाळ

नऊला लग्नाची मिस्सा. मर्सीने झब्ब्याला पुन्हा इस्त्री केलीय. चहा आणून समोर ठेवला, शेजारी साखरेची बरणीही ठेवली.

साखर घातली नाही. सगळा प्यायलो. खारट आहे.